उंदीर बरे झाले. आमच्या म्हाताऱ्यांचे काय?

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या ख्रिस्ती गावठाणांतून फिरताना वाटेच्या वळणावर दगडी क्रूस लागतात. त्यांतील कित्येक क्रूस प्लेगच्या काळातील आहेत. १८९६ साली मांडवीच्या वस्तीत प्लेगने डोके वर काढले आणि बघता बघता तो साष्टीच्या गावागावांत शिरला. त्या दिवसांतील भयाची आणि नवसाची ही स्मारके होत. घरात उंदीर मरून पडला की माणसांनी घर सोडावे, रानात झोपडी बांधून राहावे, असा तो काळ. आमच्या आज्या-पणज्यांनी उंदराकडे मृत्यूचा दूत म्हणूनच पाहिले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्याच गावठाणांत उंदीर पुन्हा घरोघरी चर्चेचा विषय झाला आहे. मात्र या खेपेस तो तारणहाराच्या वेशात आला आहे. वृत्तपत्रात दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी येते. अमुक वनस्पतीच्या अर्काने किंवा तमुक रसायनाने गेलेली स्मृती परत आली म्हणे. कुणाची परत आली, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत सांगितलेले असते, आणि पुष्कळदा तेही नसते. ती स्मृती उंदराची असते.

या विषयावर मी लेखणी उचलावी असा माझा अधिकार नाही, असे कुणी म्हणेल. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे धर्मग्रामातील माणसांत वावरलो, एवढीच माझी शिदोरी. पण या प्रकरणात मी केवळ बाहेरून पाहणारा नाही, अपराधीही आहे. म्हणून प्रथम माझे पापनिवेदन.

२०१२ सालच्या प्रारंभी मी अंधेरीच्या पूर्वेकडील एका धर्मग्रामात होतो. त्या सुमारास अश्वगंधेविषयीची बातमी सर्वत्र झळकली. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी, डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले संशोधन अमेरिकेच्या एका मान्यवर विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले होते. आपल्या मातीतील वनस्पती, आपल्याच देशातील प्रयोगशाळा आणि परदेशी पत्रिकेची मान्यता! मला अभिमान वाटला. धर्मग्रामाच्या पत्रकात मी चार ओळी छापल्या. अश्वगंधेच्या अर्काने अल्झायमरची विकृती मागे फिरवता येते असे सिद्ध झाले आहे, वृद्धांच्या कुटुंबीयांनी आशा सोडू नये, अशा आशयाच्या. उंदरांचा उल्लेख मी केला नाही. तो मुद्दाम टाळला असे नव्हे. तो महत्त्वाचा आहे असे मला वाटलेच नाही.

त्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षिका होत्या. सारे गावठाण त्यांना ‘टीचर’ म्हणत असे. तीन पिढ्यांना त्यांनी बाराखडी शिकवली आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारीही करून घेतली. त्यांना अल्झायमर झाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी त्या बऱ्या होत नव्हत्या, पण रोजचा दिवस कसाबसा सांभाळला जात होता. आमचे पत्रक त्यांच्या मुलाने वाचले. त्याने गोळ्या बंद केल्या आणि बाजारातून अश्वगंधेचे चूर्ण आणले. चार-पाच आठवड्यांत टीचर अधिक गोंधळू लागल्या, रात्र रात्र जागू लागल्या. एका पहाटे त्या दार उघडून बाहेर पडल्या. लहानपणच्या देवळात मिस्साला जायचे असे त्यांच्या मनाने घेतले होते. दुपारी त्या स्टेशनच्या पुलावर सापडल्या, अनवाणी, हातात जपमाळ घट्ट धरलेली. मी घरी गेलो तेव्हा मुलगा रागावला नव्हता. त्याने एवढेच म्हटले, “फादर, तुमीच तर छापलं होतं.”

त्या वाक्यापाशी मी पुष्कळ काळ अडकलो आहे. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

आता त्या संशोधनात प्रत्यक्ष काय होते ते पाहू. मानेसरच्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे आणि कौशल्याने काम केले, याविषयी मला शंका नाही. त्यांनी जनुकीय बदल केलेल्या उंदरांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क तीस दिवस पाजला. उंदरांचे वर्तन सुधारले, मेंदूतील अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साठे घटले, आणि हा परिणाम यकृताच्या मार्गाने घडत असावा असा वेधक निष्कर्ष निघाला. विज्ञानाच्या दृष्टीने ही एक पायरी होती. ती पायरी आहे हे विसरून तिला मजला समजले ते आम्ही: बातमी देणारे, चूर्ण विकणारे आणि माझ्यासारखे पत्रके छापणारे. एका तपाहून अधिक काळ लोटला, तरी अश्वगंधा अल्झायमरवरील मान्यताप्राप्त औषध झालेली नाही.

या उंदराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. निसर्गतः उंदराला अल्झायमर होत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. माणसाच्या मेंदूतील विकृती मात्र विस्मरणाची पहिली चिन्हे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे मुकाट्याने वाढत असते. अमायलॉइड हे प्रथिन उंदरातही आहे, पण त्याच्या रचनेतील तीन घटक माणसाहून वेगळे आहेत, आणि त्यामुळे त्याचे साठे उंदराच्या मेंदूत जमत नाहीत. तेव्हा शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ज्या थोड्या कुटुंबांत ऐन उमेदीत हा रोग पिढीजात येतो, त्यांच्यातील सदोष मानवी जनुक उंदरात घातले. १९९५ साली असा पहिला उंदीर तयार झाला, १९९६ साली दुसरा, आणि पुढे अशा जातींची रीघ लागली. त्यांच्या मेंदूत साठे जमतात, पण मानवी रोगात मेंदूच्या पेशींचा जो सर्वनाश होतो, पेशींच्या आत दुसऱ्या एका प्रथिनाचे जे पीळ पडतात, ते यांतील बहुतेक उंदरांत दिसत नाहीत. शिवाय असा पिढीजात रोग शंभर रुग्णांत एखाद्याला असतो. राहिलेले सारे म्हातारपणी, मधुमेह, रक्तदाब आणि आयुष्यभराची झीज अंगावर घेऊन या रोगापर्यंत पोहोचतात. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो उंदीर आमच्या टीचरांचा प्रतिनिधी नाही. फार तर त्यांच्या रोगाच्या एका लक्षणाचा तो पुतळा आहे.

हे झाले मोठ्या प्रयोगशाळांचे. आपल्या महाराष्ट्रात आणि देशभर औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर प्रबंधांसाठी जे केले जाते त्याची तऱ्हा आणखी निराळी. जनुक बदललेले उंदीर महाग पडतात. म्हणून साध्या पांढऱ्या उंदराला स्कोपोलामिन टोचतात. हे द्रव्य आपल्या धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींत असते. वाटमारे धोतरा चारून प्रवाशाची शुद्ध हरपवीत, हे आपण जुन्या गोष्टींत ऐकले आहे; त्यातलाच हा प्रकार. उंदीर काही काळ भांबावतो, ओळखीची वाट चुकतो. मग ज्या वनस्पतीचा अर्क त्याला आधी पाजला असेल, तिच्यामुळे तो कमी चुकला असे दिसले की प्रबंध पूर्ण होतो आणि शोधनिबंधाच्या मथळ्यात ‘अल्झायमरविरोधी’ हा शब्द येतो. मी विचारतो, दारू पाजलेल्या माणसाला लिंबू चोखायला देऊन शुद्धीवर आणले, तर त्याच लिंबाने वार्धक्य बरे होईल काय? धोतऱ्याची गुंगी काही तासांत आपोआप उतरते. अल्झायमर उतरत नाही, चढत जातो. या दोहोंना एकच नाव देणे ही भाषेची लबाडी आहे, आणि भाषेच्या लबाडीला नीतिशास्त्रात असत्यच म्हणतात.

कुणी म्हणेल, उंदरांत जे घडते ते माणसात कधीतरी घडेलच, धीर धरा. इतिहास काय सांगतो ते पाहावे. १९९९ साली अमायलॉइडविरुद्ध एक लस टोचल्यावर उंदरांच्या मेंदूतील साठे नाहीसे होतात असे दिसले, तेव्हा जगभर आनंदाची लाट उसळली. माणसांवरील चाचणी सुरू झाली. सुमारे तीनशे रुग्णांना लस दिली गेली, त्यांतील अठरा जणांच्या मेंदूला सूज आली, आणि २००२ च्या जानेवारीत चाचणी थांबवावी लागली. खरा धडा पुढेच आहे. त्या रुग्णांपैकी जे पुढे मरण पावले त्यांच्या मेंदूची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. काहींच्या मेंदूतील साठे जवळजवळ पुसले गेले होते. उंदरांतील चमत्कार माणसातही घडला होता! परंतु मृत्यूपूर्वी त्याच माणसांचा स्मृतिभ्रंश अंतिम अवस्थेला गेलेला होता. साठे गेले, रोग राहिला.

२०१० साली दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी बंद करावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण औषधाविना राहिलेल्यांहून अधिक खालावले. २००२ ते २०१२ या दहा वर्षांचा हिशेब अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली मांडला. २४४ औषधे, ४१३ चाचण्या, आणि मान्यता मिळाली ती एका औषधाला. अपयशाचे प्रमाण ९९.६ टक्के! माणसापर्यंत पोहोचलेल्या औषधांची ही कथा आहे, आणि ती पोहोचली ती बहुतांशी उंदरांच्या शिफारसपत्रावर. एखाद्या शाळेच्या दाखल्यावर प्रवेश घेतलेली हजारातील ९९६ मुले पुढच्या परीक्षेत नापास झाली, तर आपण मुलांना दोष देऊ की दाखला देणाऱ्या शाळेची चौकशी करू?

येथे एक काळेकुट्ट प्रकरणही सांगितले पाहिजे. २००६ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून, जगातील अग्रगण्य विज्ञानपत्रिकेत, एक निबंध आला. अमायलॉइडचा एक विशिष्ट प्रकार स्मृतिनाशाला कारणीभूत असून तो निरोगी उंदरांना टोचला की ते शिकलेले विसरतात, असा त्याचा दावा होता. पुढील शोधनिबंधांतून त्याचा दाखला दोन हजारांहून अधिक वेळा दिला गेला. २०२२ साली त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचे आरोप पुराव्यांनिशी पुढे आले, आणि २०२४ साली तो निबंध मागे घेण्यात आला. अठरा वर्षे! या काळात किती पैसा, किती तरुण संशोधकांची उमेद आणि किती मुक्या जिवांचे प्राण त्या वाटेवर खर्ची पडले असतील, याचा जमाखर्च कोण मांडणार?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे न्यायाचे आहे.

शास्त्रज्ञ म्हणतील, प्राण्यांवर प्रयोग केल्यावाचून कोणते औषध आले? त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. त्यासाठी मुंबईबाहेर जाण्याचीही गरज नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस सिद्ध केली, सशांवर तिची पारख केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. आमच्या गावठाणांतील किती घरे त्या लसीने वाचली असतील! पण भेद ध्यानी घ्यावा. प्लेगचा जंतू उंदराला मारतो, सशाला मारतो आणि माणसालाही मारतो. तेथे पशूची साक्ष ग्राह्य होती, कारण तो त्याच रोगाचा धनी होता. अल्झायमरमध्ये आपण साक्षीदाराला आधी पढवतो आणि मग त्याच्या साक्षीवर निकाल देतो. तरीही उंदराच्या मेंदूतून पेशींचे व्यवहार कळतात, औषधाची विषारीपणाची पहिली पारख होते. ते थांबवा असे मी म्हणत नाही. साक्ष जेवढी आहे तेवढीच सांगा, एवढीच मागणी आहे.

दुसरे म्हणतील, आता तरी यश आले आहे ना? २०२३ साली अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. खरे आहे. १,७९५ रुग्णांवर दीड वर्ष चाचणी झाली. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांची घसरण इतरांपेक्षा ०.४५ गुणाने कमी झाली. रोग थांबला नाही, थोडा सावकाश झाला. आणि काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली, रक्तस्रावही झाला. अनेक दशकांच्या परिश्रमांचे हे फळ आहे, ते तुच्छ नाही. पण गावठाणातील मुलगा जेव्हा ‘स्मृती परत आली’ असे वाचतो, तेव्हा आई आपल्याला नावाने हाक मारील असे त्याला वाटते. ०.४५ गुण त्याच्या मनात नसतात.

तिसरे म्हणतील, फादर, आपले आजी-आजोबा हळद खात होते, त्यांना कुठे हा रोग झाला? हळदीचा अभिमान आम्हांलाही आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९७ साली रद्द करवून घेतले, त्याचा आनंद कुणाला झाला नसेल? पण तो खटला मालकीचा होता. हळदीतील करक्युमिनने उंदरांच्या मेंदूतील साठे घटतात असे २००१ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवले. त्यानंतर माणसांवर चाचण्या झाल्या: हाँगकाँगमध्ये चौतीस रुग्णांवर, तिचा निष्कर्ष २००८ साली आला, अमेरिकेत छत्तीस रुग्णांवर, तिचा २०१२ साली. दोन्हींत रुग्णांच्या स्मृतीला लाभ झाल्याचे दिसले नाही. चाचण्या लहान होत्या हे मान्य. पण उंदरांची बातमी जितक्या जागेत छापली गेली, तितक्या जागेत हे अपयश कुणी छापले काय? आणि आजी-आजोबांना हा रोग होत नव्हता असेही नाही. त्यांतील पुष्कळजण या रोगाच्या वयापर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि जे पोहोचले त्यांना आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणून कोपऱ्यातील खाटेवर ठेवले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत पासष्टीपुढील शंभरांत सुमारे अडीच जणांना स्मृतिभ्रंश आढळला. २०२३ सालच्या राष्ट्रीय अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असल्याचा अंदाज दिला. दोन्ही पाहण्यांची वयोमर्यादा आणि पद्धत वेगळी, म्हणून त्यांची थेट तुलना करता येत नाही. पण हळद आपले कवच आहे, या भ्रमात राहण्याइतकी ही संख्या लहान नाही.

चौथा पक्ष वृत्तपत्रांचा. लोकांना आशा द्यायला नको काय, असे ते विचारतात. ब्राझीलमधील दोन संशोधकांनी २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांतील, उंदरांवर आधारलेले अल्झायमरविषयक ६२३ शोधनिबंध तपासले. ज्या निबंधाच्या मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द नव्हता, त्याच्या बातम्या अधिक आल्या, आणि त्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही बहुधा उंदीर गळालेलाच होता. म्हणजे पाप वार्ताहराचे एकट्याचे नाही. ते विद्वानाच्या लेखणीत सुरू होते, वार्ताहराकडून वाढते आणि माझ्यासारख्याच्या पत्रकात पूर्ण होते. आशा हा ईश्वरी सद्गुण आहे असे आम्ही शिकवतो. पण जी आशा सत्याला घाबरते ती आशा नव्हे, ते आमिष होय. मासा गळाला लागतो तेव्हा त्यालाही क्षणभर आशाच वाटत असेल.

आता उंदरांच्या बाजूने दोन शब्द. ख्रिस्ती माणसाने उंदराची कड घ्यावी याचे कुणाला हसू येईल. पण ख्रिस्तसभेने हा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. १९९२ साली प्रकाशित झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाने प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोग नीतीला धरून आहेत असे म्हटले, पण अटी घालून: ते वाजवी मर्यादेत असावेत आणि मानवी जीव वाचवण्यास किंवा त्याची शुश्रूषा करण्यास त्यांचे साहाय्य व्हावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या विश्वपत्रात याच शिकवणीचे स्मरण करून दिले. सेमिनरीत आम्हांला शिकवले होते की सशर्त परवानगीतील शर्त सुटली की परवानगीही सुटते. तर मग प्रश्न असा: उंदरांची संख्या निष्कर्षाला पुरेशी नाही, कोणत्या उंदराला औषध दिले हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, अपयशी प्रयोग कपाटात बंद होतात, आणि सारे काही एका पदवीपुरते आहे, अशा प्रयोगाने कोणता मानवी जीव वाचतो? कोणाची शुश्रूषा होते? होत नसेल, तर माझ्या मते तो प्रयोग त्या परवानगीच्या बाहेर पडतो. आपल्या देशाचा १९६० चा कायदाही प्राण्यांवरील प्रयोग शक्य तेथे टाळावेत असे सांगतो, आणि प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असावी लागते. समितीच्या कागदावर सही असणे आणि तो प्रयोग न्याय्य असणे यांत अंतर आहे. त्या उंदराला गढूळ पाण्याच्या हौदात सोडतात. बुडालेला चौथरा आठवेपर्यंत तो पोहत राहतो. त्याची धडपड जर कुणाच्याच कामी येणार नसेल, तर ती घडवून आणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

काही भाविक याचा उलटा अर्थ घेतील. विज्ञान फोल आहे, आपण नोव्हेना करू, असे म्हणतील. त्यांनाही माझा तितकाच विरोध आहे. टीचरांच्या गोळ्या बंद करण्याचे पाप श्रद्धेच्या नावाने केले असते, तर ते कमी झाले नसते. वृद्धाला विसर पडू लागला तर डॉक्टरांकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, खिन्नता यांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने असे म्हटले की, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा आदी चौदा कारणे आवरली, तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येण्याजोगे आहेत. या बातमीत चमत्कार नाही, म्हणून ती कोणी कापून ठेवली नाही. आमच्या धर्मग्रामात किती वृद्धांना कानाचे यंत्र हवे आहे, आणि किती जण मिस्सानंतर कुणाशीही न बोलता घरी जातात, हे मोजायला मात्र कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे काय? बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात सासूला सांभाळणारी सून, मुलुंडला नोकरी सोडून वडिलांजवळ बसलेली अविवाहित मुलगी, घाटकोपरच्या चाळीत बायकोला हाताने भरवणारा पंचाहत्तरीचा नवरा: यांच्याविषयी बातम्या येत नाहीत. १९९२ साली केरळात भारतीय अल्झायमर संस्था स्थापन झाली, तिच्या शाखा निघाल्या, मुंबईतही काही संस्थांनी दिवसाची देखभाल केंद्रे चालवली. पण गरजेच्या मानाने हे समुद्रात थेंबासारखे. आमच्या धर्मग्रामांत लग्नसमारंभासाठी भाड्याने देण्याजोगी सभागृहे आहेत, जी आठवड्याच्या दुपारी रिकामी असतात. त्या सुनेला आठवड्यातून तीन तास मोकळे मिळावेत म्हणून आपण ती उघडली आहेत काय? उंदराला औषध लागू पडेल तेव्हा पडेल. थकलेल्या माणसाला तीन तासांची झोप आजच लागू पडते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. संशोधकांनी आणि महाविद्यालयांनी निबंधाच्या मथळ्यातच सांगावे की प्रयोग उंदरांवर झाला आहे, आणि फसलेले प्रयोगही प्रसिद्ध करावेत. संपादकांनी ‘उंदरांमध्ये’ हा एक शब्द मथळ्यातून गाळू नये. त्याला अर्ध्या इंचाहून अधिक जागा लागत नाही. चूर्णे आणि अर्क विकणाऱ्यांनी माणसांवरील पुरावा दाखवावा, नाही तर गप्प राहावे. आणि आम्ही धर्मगुरूंनी, वेदीवरून किंवा पत्रकातून, ज्याचा अर्थ आम्हांला कळलेला नाही असे औषध कुणाला सुचवू नये.

टीचर २०१५ साली वारल्या. शेवटच्या दीड वर्षात त्यांनी मला ओळखले नाही. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असे तेव्हा त्या मला आपल्या वर्गातील उशिरा आलेला मुलगा समजत आणि रागावून विचारीत, “पाटी आणलीस का?” पहिल्या दोन-तीन खेपांना मी त्यांना समजावू पाहिले की मी फादर आहे. नंतर मी सोबत एक पाटी नेऊ लागलो. त्या तीवर काहीतरी गिरवीत, मला दाखवीत, आणि मग शांतपणे ख्रिस्तप्रसाद घेत. त्या पाटीचा उपाय मला कोणत्याही संशोधनपत्रिकेत सापडला नव्हता. तो त्यांच्या सुनेने सुचवला होता. त्या घराची क्षमा मला मिळाली आहे. परंतु ज्या चार ओळी मी छापल्या त्या अजूनही कुठल्यातरी घरात कापून ठेवलेल्या असतील. त्या वाचणाऱ्याला कळावे म्हणून आज लिहितो: तो प्रयोग उंदरांवर झाला होता. मी ते सांगितले नाही. सांगायला हवे होते.